किल्ली पोथीबाहेर

गोदाकाठच्या पालम तालुक्यात मराठीच्या वर्गाला 'लीळाचरित्र' शिकवताना एक प्रश्न हमखास येतो : म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास सिद्ध केलेला हा ग्रंथ पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला विसाव्या शतकापर्यंत का भेटला नाही? उत्तर एका शब्दात आहे : सकळ लिपी.

चौदाव्या शतकातील 'सह्याद्रिवर्णन'कार रवळोबासांनी ही सांकेतिक लिपी योजली, असे परंपरा सांगते. नेहमीच्या अक्षराच्या जागी ठरवून दुसरेच चिन्ह, अशी तिची घडण. पुढे सुंदरी, अंक अशा आणखीही लिपी आल्या. परचक्रात शास्त्र राखावे, अनधिकाऱ्याच्या हाती ते पडू नये, पाठात भेसळ होऊ नये, अशी तिची निरनिराळी कारणे दिली जातात. पंथ पंजाब-काबुलापर्यंत पसरला, पोथ्याही गेल्या. पोथी हातोहात फिरे. ती उलगडण्याची रीत मात्र गुरूकडून शिष्याकडे जाई. किल्ली पोथीबाहेर राहिली, म्हणूनच गुपित शतकानुशतके टिकले.

आज नेमके उलटे घडते. संगणकाची आज्ञावली कशी चालवावी हे सांगणाऱ्या फाइलला 'कॉन्फिगरेशन फाइल' म्हणतात. ती इतरांनाही उपयोगी पडावी म्हणून इंटरनेटवर खुली ठेवतात, आणि अनवधानाने परवलीचा शब्दही तीतच राहून जातो. टोयोटाच्या एका सेवेची आज्ञावली डिसेंबर 2017पासून सप्टेंबर 2022पर्यंत अशीच उघडी होती. तीत माहितीसाठ्याची किल्ली होती. सुमारे 2 लाख 96 हजार ग्राहकांचे ईमेल पत्ते त्यामुळे धोक्यात आले.

चूक ध्यानात येताच तो शब्द खोडला, तरी भागत नाही. अशा आज्ञावलींच्या जुन्या आवृत्त्याही जपलेल्या असतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको : एका प्रतीत दुरुस्ती केली म्हणून आधी झालेल्या नकला बदलत नाहीत. तेथे उपाय एकच, कुलूपच बदलणे. आणि मुळात फाइलमध्ये किल्लीची जागा रिकामी सोडून खरी किल्ली निराळी ठेवणे.

परंतु महानुभावांचा आदर्श जसाच्या तसा घ्यावा, असे आम्ही म्हणणार नाही. कर्कहॉफ्स या भाषापंडिताने 1883मध्ये मांडलेले तत्त्व असे की, पद्धत शत्रूला कळली तरी हरकत नसावी; गुप्त राहावी ती किल्ली. सकळ लिपीत पद्धत हीच किल्ली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भावे यांच्या पिढीला ती उमगली आणि एकामागून एक पोथ्या उघडल्या. ह. ना. नेने यांचे 'लीळाचरित्र' 1936–37मध्ये छापून आले.

तोवर मराठी गद्याचा आरंभच मराठी वाचकाला ठाऊक नव्हता. पंथाविषयीचे गैरसमजही त्या अंधारात वाढले. त्यांनी किल्लीसोबत ग्रंथही झाकला; आपण ग्रंथासोबत किल्लीही वाटतो. काय वाटावे आणि काय राखावे हा विवेक दोन्हीकडे उणाच पडला.