पोथी होती, पत्ता नव्हता

गेल्या दिवाळीत आजी म्हणाली, "ह्यांच्या विहिरीच्या हिशेबाची वही दाखव बरं." आजोबांच्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा मीच त्या मोबाइलवर स्कॅन केल्या होत्या. ड्राइव्ह उघडला. 'स्कॅन १'पासून 'स्कॅन ११४०'पर्यंत फायली. किरटं अक्षर, कोपरे खाल्लेले, कुठलं पान कुठल्या वहीचं तेच कळेना. ऑफिसात दिवसभर सर्च-बॉक्स बनवणारा मी, आजीला एक वही दाखवू शकलो नाही.

तेव्हा मला कारंजा आठवलं. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या या गावात जैन मंदिरांची हस्तलिखित भांडारं आहेत. तिथं पोथ्या वेष्टनांत बांधून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. त्यांत दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीची काव्यं होती. भाषा अपभ्रंश, म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्यामधला दुवा. पोथ्या सुरक्षित होत्या. पण त्या तिथं आहेत हे बाहेरच्या अभ्यासकाला कळणार कसं?

१९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी केलेली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची नागपूरला छापली गेली. तिच्यात कारंजाच्या पोथ्यांची नोंद होती. ग्रंथ कोणता, कोणाचा, कुठं आहे, एवढी माहिती आता पोथी न उघडताही दूरवर पोचत होती. पाचच वर्षांनी, १९३१ साली, प. ल. वैद्य यांनी संपादलेलं पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' कारंजाहूनच प्रसिद्ध झालं. पाठोपाठ अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन यांनी १९३३ साली 'णायकुमारचरिउ' आणि १९३४ साली कनकामर मुनींचं 'करकंडचरिउ' संपादित केलं.

त्याच १९३१ साली मद्रासला रंगनाथन यांचं ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांचं पुस्तक आलं. पहिलाच नियम असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात.

आपण मात्र अजून कागद की स्क्रीन, यावरच भांडतो. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांची खोली, आणि डिजिटल ग्रंथालय म्हणजे त्या खोलीचा फोटो, असं मीही धरून चाललो होतो. पण स्कॅन हे फक्त नवं कपाट आहे. वाळवीपासून ते वाचवतं, पण आत काय आहे हे सांगत नाही. ते सांगायला नोंद करणारा माणूस लागतो. नोंदवहीत मान खाली घालून बसलेले ग्रंथपाल नेमकं काय करत होते, ते मला माझ्याच ड्राइव्हनं शिकवलं.

आजी आता ८३ वर्षांची आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तिला एकेक पान मोठं करून दाखवतो. "हा सालदाराचा पगार," ती सांगते. "हे तुझ्या आत्याच्या लग्नातलं उसनं." मी नाव, साल, विषय टाइप करत जातो. आतापर्यंत साठ पानांना नावं मिळालीत.

विहिरीची वही अजून सापडलेली नाही.