नाच म्हणू की डान्स?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून डोंबिवलीची तरुण मंडळी फडके रोडवर जमतात. आधी गणेश मंदिरात दर्शन, मग नुसतं हिंडणं. नवे कपडे, जुने मित्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. गर्दीत कुठेतरी गाणी लागतात आणि पाय हलू लागतात. 'तुमच्याकडे रात्री नाचायला कुठे जातात?' असं कुणी पाहुण्याने विचारलं, तर मी त्याला ही पहाट दाखवीन.

या हिंडण्याला नेमका शोभणारा एक शब्द आपल्याकडे आहे, पण तो उच्चारायची सोय राहिलेली नाही. तो म्हणजे तमाशा. अरबीतल्या 'चालणे' या अर्थाच्या धातूतून तो निघाला. मूळ अर्थ सोबतीने चालणं, फेरफटका. फारसीत तो फिरता फिरता काही बघण्याकडे आणि मग बघण्याजोग्या गोष्टीकडे सरकला. मराठीत ढोलकी-तुणतुण्याच्या खेळाला हे नाव मिळालं. आता घरात आवाज चढला की आपण म्हणतो, 'काय तमाशा लावलाय!' गोंधळाचंही तेच झालं. संबळ वाजवत, दिवटी पेटवून देवीच्या नावाने रात्र जागवायची तो गोंधळ. पण आज गाड्या रखडल्या की फलाटावर 'गोंधळ' उडतो.

आणि नाच? संस्कृतात नृत्य, प्राकृतात णच्च, मराठीत नाच, अशी सरळ वंशावळ. तरी 'मुलगी डान्स शिकते' हे आई कौतुकाने सांगते आणि 'मुलगी नाचते' म्हणताना अडखळते. मला हे बोचतं. नाचून पोट भरणाऱ्या बायकांकडे समाजाने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर शब्दाला चिकटली. शब्दाने काय बिघडवलं होतं?

परके शब्द तरी कुठे सोवळे होते! रॉक म्हणजे डुलणं, रोल म्हणजे हेलकावे खाणं; समुद्रावरच्या गलबताचं वर्णन इंग्रजीत या जोडीने होई. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांत या शब्दांना शरीरसुखाचाही अर्थ आला आणि १९५१ पासून क्लीव्हलंडच्या रेडिओवर अॅलन फ्रीडने ते संगीताचं नाव म्हणून रुळवले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५७च्या 'आशा'मध्ये 'ईना मीना डीका'तून तो ठेका हिंदी चित्रपटात आणला. त्याआधी, १९५१च्या 'अलबेला'त, त्यांच्याच चालींवर भगवानदादा नाचले. ती पावलं गणपतीच्या मिरवणुकीत आजही कुणालाही जमतात.

डिस्कोची गोष्ट मला फार आवडते. फ्रेंचमध्ये 'बिब्लिओतेक' म्हणजे ग्रंथालय. त्याच धर्तीवर 'दिस्कोतेक', तबकड्यांचं संग्रहालय. तिथे तबकड्या लावणारा तो डिस्क जॉकी. जॉकी हे 'जॉन'चं घरगुती रूप, जे पुढे शर्यतीतल्या घोडेस्वाराला मिळालं. म्हणजे डीजे हा माणूस. मराठीत मात्र हा माणूस गळाला. ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीला आपण डीजे म्हणतो. डीजे लावतात, डीजे जप्त होतो. सातारा-कोल्हापूरकडे तिलाच डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात राहिले होते. १९६५मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि ध्वनिफितीतली खरखर घालवण्याचं तंत्र शोधलं. आवाज स्वच्छ करणाऱ्या माणसाचं नाव खिडक्या हादरवणाऱ्या भिंतीला लागलं, याचं वाईट वाटतं. आता 'डीजेमुक्त मिरवणूक' असे फलक लागतात. तमाशाच्या वाटेने हाही शब्द निघालाच.

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा डोंबिवलीत १९९९पासून निघते आणि ढोल-ताशे याच फडके रोडवर घुमतात. तेव्हा कडेला उभ्या मैत्रिणीचा हात ओढणारी मुलगी 'डान्स कर' म्हणत नाही. ती म्हणते, 'अगं, नाच ना!'