चार जण झोपू शकतात

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे मिनेसोटाला आले. आम्ही त्यांना इटास्का स्टेट पार्कला घेऊन गेलो. मिसिसिपी नदी तिथल्या तळ्यातून निघते आणि सुरुवातीला इतकी लहान असते की दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाता येतं. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ती तीनदा ओलांडली. रात्री आम्ही दोन तंबू ठोकले. सगळं छान चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईला चक्कर आली. विचारता विचारता कळलं, की आदल्या दिवशी संध्याकाळी चारनंतर तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. टॉयलेट तंबूपासून दीडशे पावलांवर होतं. अंधार, दुखरे गुडघे आणि दरवेळी कुणाला तरी उठवायचं, म्हणून तिने सोपा मार्ग काढला होता. "त्यात काय एवढं? सांगली-मुंबई एसटीने जाताना कधी प्यायलेय का मी पाणी?" ती म्हणाली.

ती हे अगदी सहज म्हणाली. मला मात्र ते वाक्य वर्षभर पुरलं.

यंदा ते पुन्हा येणार आहेत. म्हणून मी आणि नवऱ्याने एक छोटा, जुना ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं ठरवलं. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर म्हणा. आमची गाडी लहान, फार वजन ओढू शकत नाही. त्यामुळे शोध तेरा फुटी फायबरग्लासच्या ट्रेलरवर येऊन थांबला. तेरा फुटांत पुढचा जोडदांडाही आला. आत राहायला साधारण दहा फूट. आमच्या पहिल्या पीजीची खोली याहून मोठी होती.

एकाच कंपनीचे दोन ट्रेलर मिळाले. बाहेरून जुळे. आत मागच्या बाजूला दोन बाकडी आणि टेबल, रात्री त्याचाच डबल बेड होतो. मधे शेगडी, सिंक, कपाट. फरक फक्त पुढच्या कोपऱ्यात. पहिल्यात तिथे सोफा, ज्याचे रात्री रेल्वेसारखे खाली-वर दोन बर्थ होतात. दुसऱ्यात त्याच जागी बाथरूम. म्हणजे एकात चार जण झोपणार, टॉयलेट नाही. दुसऱ्यात टॉयलेट आहे, पण झोपणार दोघंच.

मी इंजिनियर, त्यामुळे स्प्रेडशीट केली. किंमत, वजन, वय, किती जण झोपतात. पहिला ट्रेलर सहज जिंकला. मग सवयीने मी हे आराखडे आले कुठून ते शोधायला बसले, आणि स्प्रेडशीट राहिली बाजूला.

हौसेने फिरण्यासाठी मुद्दाम बांधून घेतलेली पहिली कॅरॅव्हॅन म्हणून बहुतेक जण 'वाँडरर'चं नाव घेतात. १८८५ साली ब्रिस्टलमधल्या रेल्वेचे डबे बांधणाऱ्या एका कारखान्याने ती डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी बनवली. स्टेबल्स नौदलातले निवृत्त डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहायचे. त्या उन्हाळ्यात दोन घोडे जुंपून ते दक्षिण इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून स्कॉटलंडच्या इन्व्हर्नेसपर्यंत गेले, सोबत एक धिप्पाड न्यूफाउंडलंड कुत्रा. गाडीत पुढे बैठकीची खोली, ती डॉक्टरसाहेबांची. मागे चिमुकलं स्वयंपाकघर, आणि नोकराचं अंथरूण त्यातच. म्हणजे पहिल्याच आराखड्यात कोण कुठे झोपणार हे कोण कोणाचा कोण यावरून ठरलं होतं. भिंत लाकडाची होती, पण ती उभी केली होती समाजाने.

पुढची गोष्ट अमेरिकेतली, १९२९ची. डेट्रॉइटजवळ आर्थर शर्मन नावाचे एक जीवाणूशास्त्रज्ञ होते. त्यांनी सहलीसाठी तंबूचा घडीचा ट्रेलर घेतला. जाहिरातीनुसार तो काही मिनिटांत उघडायला हवा होता. प्रत्यक्षात पाऊस कोसळत होता, तंबू उघडेना, आणि कुटुंब भिजत उभं. शर्मन वैतागले आणि त्यांनी स्वतःच नवा ट्रेलर आखला. सहा फूट रुंद, नऊ फूट लांब, भिंती मेसोनाइटच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाच्या. आत कोळशाची शेगडी, बर्फाची पेटी, मधे अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंना बसवलेलं फर्निचर. मुलांनी त्याला 'कव्हर्ड वॅगन' नाव दिलं आणि पुढे कंपनीचंही तेच झालं. जानेवारी १९३०च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात त्यांनी तो चारशे डॉलर किमतीला मांडला. मंदीचे दिवस असूनही तो खपला. १९३६ पर्यंत ही अमेरिकेतली सगळ्यात मोठी ट्रेलर कंपनी होती, वर्षाला सुमारे सहा हजार ट्रेलर बनवणारी.

मधली वाट, दोन्ही बाजूंना सामान, रूप बदलणारं फर्निचर: हा सांगाडा अजून तोच आहे. त्याच १९३६ साली एअरस्ट्रीम कंपनीचा अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत 'क्लिपर' आला. त्यात दिवे होते, स्वतःचं पाणी होतं, दिवसा बाकडी आणि रात्री पलंग होणारी बैठक होती. आणि तो चार जणांना झोपवायचा. हा चार आकडा मला पुढे सगळीकडे भेटत राहिला.

आणखी लहान हवं असणाऱ्यांसाठी 'टिअरड्रॉप' होता, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा. १९४७मध्ये 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने त्याचा आराखडाच छापला. चार फूट बाय आठ फूट, म्हणजे प्लायवूडच्या एका शीटएवढी जमीन. आत फक्त गादी. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर. किती हुशारीचं डिझाइन! पण रांधणारी व्यक्ती बाहेर, पावसात. शर्मनने कुटुंबाला पावसातून आत आणलं होतं, टिअरड्रॉपने जागा वाचवायला त्यातल्या एकाला पुन्हा बाहेर उभं केलं. कोणाला, हे सांगायला नको.

मग १९६८. कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको यांनी 'बोलर' आणला. फायबरग्लासचे दोन अर्धे भाग, वरचा आणि खालचा, साच्यातून काढायचे आणि कमरेशी जोडायचे. भिंतींना सांधे नाहीत, म्हणून गळती कमी. वजनाला इतका हलका की साधी कार ओढेल. आम्ही बघत होतो तो ट्रेलर याच वंशातला. मागे टेबलाचा डबल बेड, मधे ओटा, पुढे सोफ्याचे दोन बर्थ. चार जण झोपू शकतात.

ही कल्पना ओलेको यांना कुठून सुचली असेल? त्याआधी ते फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्या बनवत होते. हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. संडासाच्या टाक्यांवरून ट्रेलर सुचला, आणि तेरा फुटी मूळ आराखड्यात संडासच नव्हता!

यात कोणाची दुष्टाई नव्हती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, पंप, पाइप हे सगळं छोट्या गाडीला ओढावं लागतं. मोठ्या ट्रेलरना ते जमलं. एअरस्ट्रीमचा १९५७चा 'इंटरनॅशनल' बाहेरच्या कुठल्याही जोडणीशिवाय पाणी आणि उजेड पुरवू शकत होता. लहान ट्रेलरवाल्यांनी हिशोब केला, की कॅम्पग्राउंडवर सार्वजनिक टॉयलेट असतंच, मग वजन कशाला? हिशोब बरोबर होता. फक्त त्यात तिथपर्यंतची दीडशे पावलं धरलेली नव्हती.

आमच्या कामात असं नेहमी होतं. जे मोजायला सोपं ते डॅशबोर्डवर येतं, आणि मग सगळी टीम तोच आकडा वाढवत बसते. ट्रेलरच्या जगात तो आकडा म्हणजे किती जण झोपतात. रात्री अडीचला कोण उठतं, कोण उठायचं टाळतं, आणि ते टाळण्यासाठी दुपारपासून काय करतं, याचा रकाना नसतो. माझ्याही स्प्रेडशीटमध्ये नव्हता. आणि मी तर कॉलेजच्या ट्रेकला हेच करायची. आम्ही सगळ्याच मुली करायचो. बाटली भरून न्यायची आणि भरलेली परत आणायची.

मी नवा रकाना घातला: 'आईला रात्री एकटीला उठता येईल का?' पहिला ट्रेलर हरला. वरच्या बर्थवर कोणी चढणार नव्हतंच, आणि एक उठला की त्या दहा फुटांत चौघांची झोप मोडणार होती. आम्ही बाथरूमवाला घेतला. तो आणला, पुसला आणि व्हिडिओ कॉलवर दोघांना दाखवला. शॉवर आणि टॉयलेट एकाच डबीत, सगळं ओलं होणारं. इथले मित्र ते बघून नाक मुरडतात. बाबा म्हणाले, "ही तर आपली मोरी!"

आईने मात्र बरोबर नको तोच प्रश्न विचारला. "पलंग एकच आहे. तुम्ही दोघं कुठे झोपणार?"

"बाहेर. तंबूत."

"म्हणजे जावई बाहेर पावसात आणि सासू-सासरे आत? अगं, काहीतरीच काय!"

नवरा मागून ओरडला, "आई, मला तंबूच आवडतो." तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शर्मनच्या कुटुंबाला भिजवणारा तंबू शंभर वर्षांनी माझ्याच वाट्याला आला होता, आणि तोही मी निवडून घेतला होता. दहा फुटांत सगळ्यांना सगळं मिळत नाही. कोणीतरी बाहेर राहतंच. निदान कोण, ते या वेळी आम्ही बोलून ठरवत होतो.

बरीच घासाघीस झाली. शेवटी ती म्हणाली, पाऊस आला तर सगळे आत, बसून रात्र काढू. मी हो म्हटलं.

"पण संध्याकाळनंतर पाणी पिशील ना?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "बघू."