कंटिन्युअम : जुन्या अंतराळयुद्धाचे नवे क्लायंट

‘सबस्पेस’ हा अनेकांनी एकाच वेळी इंटरनेटवरून खेळावयाचा अंतराळयुद्धाचा खेळ 1997 च्या अखेरीस व्हर्जिन इंटरॲक्टिव्ह या कंपनीने बाजारात आणला. ‘कंटिन्युअम’ हे त्याच खेळाचे क्लायंट. एस्टोनियाचे प्रीट कासेसालू यांनी ते पुढे नव्याने लिहिले. क्लायंट म्हणजे येथे गिऱ्हाईक नव्हे. खेळाडूच्या संगणकावर चालणारा, चित्र दाखविणारा, कळफलकावरील हालचाल टिपणारा आणि दूरच्या सर्व्हरशी बोलणारा तो अर्धा खेळ होय.

खेळाची रचना साधी आहे. वरून दिसणारे सपाट अवकाश, 8 प्रकारची याने, आणि घर्षण मुळीच नाही. एकदा वेग घेतलेले यान उलट जोर लावल्याखेरीज थांबत नाही. ऊर्जेचा साठा मात्र एकच असतो. गोळी झाडली तरी तोच घटतो आणि मार बसला तरी तोच, त्यामुळे बेछूट गोळीबार करणारा स्वतःच उघडा पडतो. पाव शतकानंतरही हा खेळ टिकून आहे, त्याचे बरेचसे श्रेय या एका नियमाला द्यावे लागेल.

त्याची खरी अडचण अंतराची होती. कॉर्क बंदराच्या काठावरील रिंगास्किडीहून, म्हणजे औषधकारखाने आणि राष्ट्रीय सागरी महाविद्यालय यांच्या त्या गावातून, न्यूयॉर्क सुमारे 5,000 किलोमीटर आहे, तर पुणे सुमारे 7,900. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती, तरी संदेशाच्या जाण्यायेण्याला न्यूयॉर्कसाठी 50 आणि पुण्यासाठी 79 मिलिसेकंद लागलेच असते. 2015 मध्ये कॉर्क परगण्याला जोडणारी ‘हायबर्निया एक्स्प्रेस’ ही अटलांटिकखालची केबल टाकली गेली, ती असेच काही मिलिसेकंद वाचविण्यासाठी. सबस्पेसच्या काळात तर मोडेम आणि दूरध्वनीची तार होती. मुंबईत विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सुरू केली ती 15 ऑगस्ट 1995 रोजी. त्या जोडणीची किरकिर ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हा विलंब वेगळा समजावून सांगावयास नको. मुळात सबस्पेसची सुरुवातच असा विलंब सोसून खेळ चालतो का, हे पाहण्याच्या प्रयोगातून झाली होती.

कर्त्यांनी काढलेला तोडगा धाडसी होता. गोळी लागली की नाही, याचा निवाडा सर्व्हर करीत नसे. ज्याला लागली त्याचाच संगणक करी. त्यामुळे पडद्यावर चुकविलेली गोळी मागाहून येऊन लागली, असा अन्याय होत नसे. गल्लीतल्या लगोरीत पंच नसतो, चेंडू लागला की गड्याने आपण होऊन बाद व्हावयाचे असते. हा न्याय त्याच जातीचा. तो प्रामाणिकपणावर चालतो आणि रडीचा डाव खेळणारा एकजण आला तरी मोडतो. क्लायंटची आज्ञावली आतून बदलून न मरणारी किंवा न दमणारी याने उडविणारे लवकरच निघाले.

तोवर पाठीराखी कंपनी उरली नव्हती. 1998 मध्ये व्हर्जिन इंटरॲक्टिव्हचा अमेरिकेतील कारभार विकला गेला आणि पुढे सर्व्हर खेळाडूच चालवू लागले. क्लायंटमध्ये दुरुस्ती करणारे मात्र कोणी नव्हते. ते काम कासेसालू यांनी अंगावर घेतले. काझा आणि 2003 मध्ये आलेले स्काइप ज्या एस्टोनियन मंडळींनी घडविले, त्यांपैकी ते एक. (परदेशातून घरी स्वस्तात बोलण्याची सोय अनेक मराठी कुटुंबांना प्रथम स्काइपनेच दिली, मे 2025 मध्ये ते बंद झाले.)

मूळ आज्ञावली हाती नसताना चालत्या खेळाचे वर्तन तपासून तो पुन्हा लिहावयाचा होता. येथे नवेपणापेक्षा तंतोतंतपणा अवघड. यानाचा जोर, भिंतीवरून उसळी, गोळीचा वेग यांत किंचितही फरक पडला असता, तर जुन्या खेळाडूंचा हात चुकला असता आणि दोन संगणकांची गणितेही जुळली नसती. हे सांभाळून कंटिन्युअमने मोठ्या पडद्यांसाठी स्पष्ट चित्र दिले, प्रत्येक सर्व्हरला आपापली सजावट पाठविण्याची सोय केली आणि क्लायंटशी छेडछाड करणे पुष्कळच कठीण करून ठेवले. ‘ट्रेंच वॉर्स’सारखी रणांगणे त्यावरच तगली. 2015 मध्ये ते स्टीमवरही आले.

त्याआधीच्या ‘नेटट्रेक’ या अंतराळखेळाने निराळी वाट धरली होती. 1980 च्या दशकाअखेरीस अमेरिकी विद्यापीठीय वर्तुळात वाढलेल्या या खेळात 8-8 जणांचे दोन संघ असत, निवाडा सर्व्हर करी आणि आज्ञावली सर्वांना खुली होती. तेथेही आपोआप नेम धरणारी क्लायंटे निघालीच. तेव्हा तपासून मान्य केलेल्या क्लायंटांना आरएसए पद्धतीची गुप्त किल्ली देण्यात आली आणि सर्व्हर ती पाहून प्रवेश देऊ लागला. सुधारित क्लायंट कोणीही लिहावे, मान्यता मात्र घ्यावी, अशी ही व्यवस्था. दीर्घायुष्याच्या दृष्टीने ती अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

कंटिन्युअमची सुरक्षितता आज्ञावली झाकून ठेवण्यावर उभी आहे. ती उघडी केली, तर रडीचे डाव परत येतील. झाकलेली राहिली, तर दुरुस्ती मूळ कर्त्याच्या सवडीवर अवलंबून. खेळाडूंनी ‘ए स्मॉल सबस्पेस सर्व्हर’ हा खुल्या आज्ञावलीचा सर्व्हर लिहिला. मात्र कंटिन्युअमशी सांकेतिक भाषेत बोलणारा त्यातील भाग बंदच ठेवावा लागला.