विंडस्क्रीन वॉशरची गळती

विंडस्क्रीन वॉशरची गळती म्हणजे मोटारगाडीची काच धुण्यासाठी साठवलेला द्रव टाकी, पंप, नळी किंवा नोझल यांपैकी एखाद्या ठिकाणाहून बाहेर निघून जाणे. या बिघाडामुळे गाडी बंद पडत नाही, म्हणून त्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. मात्र पावसाळ्यात पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर बसला किंवा मावळतीचे ऊन धुळकट काचेवर पडले, तर चालकाला समोरचा रस्ता दिसेनासा होतो. अशा वेळी द्रवाविना वायपर फिरवल्यास धुळीचे कण घासले जाऊन काचेवर कायमचे ओरखडे उमटतात.

गळती कोठे आहे, हे बऱ्याचदा ती केव्हा होते यावरून ओळखता येते. हा क्रम न पाळता थेट पंप किंवा टाकी बदलल्यास अनावश्यक खर्च होतो. कारण दोष पुष्कळदा निसटलेल्या नळीत किंवा झिजलेल्या रबरी कड्यात असतो.

रचना

वॉशर यंत्रणेचे पुढील भाग असतात :

* टाकी – ही बहुधा पॉलिएथिलीन प्लास्टिकची असते व तिच्यात साधारणपणे २ ते ५ लिटर द्रव मावतो. भरण्याचे तोंड बॉनेटखाली असले, तरी टाकीचा मोठा भाग अनेक गाड्यांत पुढच्या बंपरमागे किंवा चाकाच्या प्लास्टिक अस्तरामागे दडलेला असतो.
* पंप – १२ व्होल्टच्या विद्युत मोटरवर चालणारा लहान केंद्रोत्सारी पंप. तो टाकीच्या तळाजवळील छिद्रात ग्रोमेट नावाच्या रबरी कड्यातून दाबून बसवलेला असतो.
* नळ्या व जोड – रबरी किंवा प्लास्टिकच्या बारीक नळ्या, त्यांना फाटा देणारे टी-आकाराचे जोड आणि एकदिशा झडप. पंप थांबल्यावर नळीतील द्रव टाकीत परत जाऊ नये, म्हणून ही झडप असते.
* नोझल – बॉनेटवर, बॉनेटच्या मागील कडेला किंवा वायपरच्या दांड्यावर बसवलेली, काचेवर फवारा सोडणारी तोटी.

मागची काच धुण्याची सोय असलेल्या अनेक गाड्यांत एकाच पंपाला दोन निर्गममुखे असतात. मोटर एका दिशेने फिरली की द्रव पुढे जातो आणि उलट दिशेने फिरली की मागे. त्यामुळे दुरुस्तीनंतर नळ्यांची अदलाबदल झाल्यास पुढचा फवारा सुरू करताच मागची काच भिजते.

कारणे

नळी उष्णतेने व वयोमानाने कडक होते, तिला चिरा पडतात आणि ती जोडावरून निसटते. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर नळ्या कुरतडतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे थर साचून नोझल बुजले, तर पंपाचा दाब नळीवर येतो व सर्वांत कमकुवत जोड सुटतो. अशा वेळी नळी पुन्हा जोडूनही नोझल साफ न केल्यास तीच गळती पुन्हा उद्भवते.

ग्रोमेटवर टाकीतील द्रवाचा भार सतत असतो. रबर कडक झाले की पंपाभोवतून थेंब झिरपू लागतात. बंपरला बसलेल्या किरकोळ धक्क्यानेही त्यामागील टाकीला तडा जाऊ शकतो. थंड प्रदेशात टाकीतील साधे पाणी गोठते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्के वाढत असल्याने टाकी, पंप किंवा नोझल फुटते.

निदान

गाडीखाली दिसणारे पाणी वॉशरचेच आहे, याची प्रथम खात्री करावी. वातानुकूलन चालू असताना गाडीखाली निवळ पाणी ठिबकणे स्वाभाविक आहे. इंजिनाचा शीतक रंगीत, काहीसा चिकट व गोडसर वासाचा असतो. त्याची गळती इंजिनाला घातक असल्याने तिच्याकडे तातडीने लक्ष द्यावे लागते.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून टाकी भरावी, द्रवाच्या पातळीची खूण करावी आणि गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरावा. वॉशर न वापरता रात्रभर थांबून पातळी व पुठ्ठा पाहावा. द्रवात थोडा खाद्यरंग मिसळल्यास माग काढणे सोपे जाते. पातळी कायम राहिली, तर दुसऱ्या व्यक्तीला काही सेकंद वॉशर चालू ठेवण्यास सांगून नळीचा मार्ग टाकीपासून नोझलपर्यंत तपासावा. टाकी रिकामी असताना पंप चालवू नये. द्रवाविना तो तापून निकामी होऊ शकतो.

| लक्षण | संभाव्य ठिकाण |
|---|---|
| वॉशर न वापरताही टाकी जवळजवळ पूर्ण रिकामी होते | ग्रोमेट, पंप, टाकीचा तळ किंवा पंपाजवळ सुटलेली नळी |
| पातळी दर वेळी ठरावीक उंचीवर येऊन थांबते | त्या उंचीवरील तडा किंवा छिद्र |
| फक्त वॉशर वापरतानाच द्रव सांडतो | पंपाच्या पुढील नळी किंवा जोड |
| पंपाचा आवाज येतो, पण फवारा येत नाही व बॉनेटखाली ओल दिसते | निसटलेली नळी; सोबत बुजलेले नोझल |
| फवारा काही सेकंद उशिरा येतो, पण पातळी घटत नाही | एकदिशा झडप. ही बाह्य गळती नव्हे |
| मागील छताचे अस्तर किंवा डिकीतील गालिचा ओला होतो | मागच्या काचेकडे जाणारी नळी |

यांतील पहिल्या दोन लक्षणांमागे साधे तत्त्व आहे. केंद्रोत्सारी पंप थांबलेला असतानाही त्यातून द्रव वाहू शकतो. म्हणून पंपाजवळची नळी सुटल्यास पंप बंद असूनही टाकी रिकामी होते. छिद्र टाकीत असल्यास द्रव छिद्राच्या उंचीपर्यंतच उतरतो आणि तेथे थांबतो. त्यामुळे थांबलेली पातळी तड्याचे ठिकाण दाखवते.

मागच्या काचेची नळी गाडीच्या आतून जाते आणि डिकीच्या दरवाजाच्या बिजागरीजवळ सतत वाकत राहिल्याने तेथे तुटते. ही गळती पावसाच्या पाण्याची समजली जाण्याचा संभव असतो. ओल दिव्यांच्या विद्युत जोडण्यांपर्यंत पोचण्याआधी ती थांबवणे आवश्यक असते.

दुरुस्ती

काम सुरू करण्यापूर्वी इग्निशन बंद करावे. चाक काढावे लागल्यास गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारांवर टेकवावी.

* नळी – टोक सैल झाले असल्यास खराब भाग कापून उरलेली नळी कोमट पाण्यात मऊ करून पुन्हा बसवता येते. नळी मधे चिरली असल्यास तेवढा भाग काढून त्याच व्यासाच्या जोडनळीने टोके जोडतात. चिकटपट्टी ओल व दाबापुढे टिकत नाही. नळी ताणून बसवल्यास ती पुन्हा निसटते.
* ग्रोमेट – टाकी रिकामी करून विद्युत जोडणी सोडवावी व पंप सरळ रेषेत ओढून काढावा. छिद्राची कड स्वच्छ पुसून नवे ग्रोमेट पाण्याने ओले करून बसवावे. खनिज तेल किंवा ग्रीस लावू नये. त्यामुळे काही प्रकारचे रबर फुगते.
* पंप – द्रव पंपाच्या शरीरातून किंवा विद्युत जोडणीच्या बाजूने येत असेल, तरच पंप बदलावा लागतो. जोडणीवर हिरवट गंज दिसल्यास तोही साफ करावा.
* टाकी – पॉलिएथिलीनवर नेहमीचे गोंद घट्ट चिकटत नाहीत. त्याच प्रकारचे प्लास्टिक वितळवून केलेला सांधा काही काळ टिकतो. मोठ्या तड्यासाठी टाकी बदलणे हाच खात्रीचा उपाय आहे.
* नोझल – बारीक सुईने छिद्र मोकळे करतात, पण ते रुंद होऊ देऊ नये. क्षारांचा थर असल्यास नोझल काढून सौम्य व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ पाण्याने धुतात.

एकदिशा झडप बदलताना तिच्यावरील बाण नोझलच्या दिशेने ठेवावा लागतो. दुरुस्तीनंतर रात्रभराची पातळीची चाचणी पुन्हा केल्यास दुसरी गळती राहिलेली नाही याची खात्री होते.

द्रव आणि सुरक्षितता

थंड देशांत वॉशरचा द्रव गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळतात. त्यांपैकी मिथेनॉल विषारी व ज्वलनशील असते. ते पोटात गेल्यास अंधत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. सामान्य ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा द्रवांतील मिथेनॉलवर युरोपीय संघाने २०१९ पासून ०.६ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. मिथेनॉलयुक्त द्रव जमिनीवर सांडल्यास मुले व पाळीव प्राणी यांना दूर ठेवून जागा भरपूर पाण्याने धुवावी.

नुसते पाणी वापरणेही सर्वस्वी निर्धोक नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, वॉशरमध्ये साबणद्रव्याविना केवळ पाणी वापरणे आणि लीजनेअर्स हा फुप्फुसाचा आजार यांच्यात संबंध आढळला. इंजिनाचा शीतक मात्र वॉशरच्या टाकीत कधीही ओतू नये. त्याने काचेवर तेलकट पापुद्रा येतो.

इतिहास व नियम

अमेरिकेच्या मेरी अँडरसन यांना हाताने चालवायच्या वायपरचे पेटंट १९०३ मध्ये मिळाले. काच धुण्याची यंत्रणा त्यानंतर आली. फोक्सवॅगन बीटलच्या काही आवृत्त्यांत वॉशरला पंपच नव्हता. जादा टायरमधील हवेच्या दाबाने द्रव काचेवर फेकला जाई.

अमेरिकेत वायपरसोबत वॉशरही असणे संघीय सुरक्षा मानकानुसार आवश्यक आहे. ब्रिटनमधील एमओटी या वाहन तपासणीत वॉशरचे कार्य तपासले जाते. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत वायपरविषयी तरतूद आहे.

हेसुद्धा पाहा

* वायपर
* केंद्रोत्सारी पंप
* शीतक
* मिथेनॉल