पावसाचें पाणी आणि घरपट्टी

अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, शिलाहारांच्या कारकीर्दींत पुरें झालें. त्याच्या शेजारून वाहणारी वालधुनी काकोळ्याच्या डोंगरांत उगम पावते. पुढें रेल्वे कंपनीनें तिच्या उगमाजवळ वाफेच्या इंजिनांकरितां तलाव बांधिला. जें पाणी देवास चाललें आणि यंत्रासही चाललें, तें आज उल्हासनगरावरून कल्याणच्या खाडीस मिळेपर्यंत काळें पडतें. याचें कारण शोधूं जातां वाचकांचें बोट सहजच कारखान्यांकडे वळेल, आणि तें अयोग्य नाहीं. २०१४ सालीं टँकरमधून नदींत सोडलेल्या रसायनांच्या वायूनें उल्हासनगरांत शेंकडों माणसें आजारी पडलीं. २०१५ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें या खोऱ्यांतील प्रदूषणाबद्दल कारखान्यांच्या सांडपाणी-केंद्रांबरोबर नगरसंस्थांवरही दंड बसविला.

परंतु अपराध्यास नांव असेल तरच दंडाचा उपाय चालतो. पावसाच्या पाण्याचा अपराधी कोण? अंबरनाथच्या पश्चिमेस विमकोचा आगपेट्यांचा कारखाना प्रथम निघाला, तेव्हां भोंवतालची जमीन बहुतांशीं उघडी होती. आज तेथें छपरें, डांबर आणि फरशी आहे. पूर्वीं जें पाणी मातींत मुरत असे, तें आतां रस्त्यावरील तेल, धूळ व केर घेऊन गटारावाटे उल्हासच्या खोऱ्यांत उतरतें. हा मळ सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाहीं. त्याचा भोग मात्र नाल्याकाठच्या गरिबाच्या वांट्यास येतो. २६ जुलै २००५ च्या महापुरांत वालधुनीकाठच्या वस्त्यांनीं त्याचा पुरता अनुभव घेतला.

सर्वांचा असा खर्च सर्वांवर वांटावा कसा, हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडांत १५३१ च्या कायद्यान्वयें नेमलेले कमिशनर, ज्यांच्या जमिनींस निचऱ्याचा लाभ होई, त्यांजकडून पट्टी घेत. मुंबईंत १८६५ सालीं आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले. शहरसुधारणेवर त्यांनीं सढळ हातानें खर्च केला. परंतु हिशेब विचारण्यास करदात्यांनीं निवडलेला प्रतिनिधि नव्हता. १८७१ सालीं करदाते खवळले, आणि १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांच्या कॉर्पोरेशनचे निम्मे सभासद करदात्यांनीं निवडावे असें ठरलें. पुढें १८८८ च्या कायद्यानें घरांवरील करांत पाणीपट्टी, हलालखोर कर असे कामागणिक निरनिराळे भाग दाखविले. म्हणजे आपला पैसा कोणत्या कामीं लागतो, हें देणारास कळूं लागलें.

तथापि या पट्ट्या बसत त्या घराच्या भाड्यावर. पाऊस भाडें पाहत नाहीं, छपराचा विस्तार पाहतो. अमेरिकेंतील बेलव्ह्यू शहरानें ही गोष्ट ओळखून १९७४ सालीं पावसाच्या पाण्याचें स्वतंत्र खातें काढिलें, आणि जमिनीचा विस्तार व तिजवरील बांधकामाची दाटी यांवर आकार बसविला. जर्मनींतील अनेक शहरांत फरसबंद जमिनीच्या चौरस मीटरांवर आकार घेतात; अंगण मोकळें ठेवणारास तो कमी पडतो. उलट, मेरिलँड राज्यांत २०१२ सालीं मोठ्या परगण्यांवर अशी आकारणी सक्तीची होतांच विरोधकांनीं तिचें नांव ‘पावसावरचा कर’ असें ठेविलें, आणि २०१५ सालीं ती सक्ती उठली. नाल्याशीं आपल्या पैशाचा संबंध लोकांस दिसला नाहीं, तर उत्तम कायदाही थट्टेचा विषय होतो, हें यावरून दिसून येईल.

आमच्या मतें अंबरनाथसारख्या गांवीं अशी पट्टी बसवावयाची झाल्यास तीन अटी आवश्यक आहेत. गुदामाच्या पत्र्यावर व डांबरी आवारावर आकार अधिक असावा. एका खोलीच्या घरास माफी असावी. आणि जमा झालेला पैसा नाल्याच्याच खातीं पडून त्याचा जमाखर्च दरसाल मराठींत प्रसिद्ध व्हावा. कारखानदाराचा दंड यामुळें माफ होत नाहीं. परंतु त्याच्या दंडाची वाट पाहत आम्ही आपल्या छपराचें पाणी विसरूं लागलों, तर त्याची किंमत नाल्याकाठचा शेजारी दर पावसाळ्यांत भरीत राहील.