घण कुणाच्या हातात?



पाऊस तोंडावर आला की घरोघरची खुरपी बाहेर निघतात. धार गेलेली असते, मूठ हललेली असते. ती शेवटून आणायची. कुणाकडून? लोहाराकडून, असं आपण पटकन म्हणतो, आणि डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. पण वरवंडला पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचं पाल पडलं की तिथं काय दिसतं ते आठवा. पुरुष खाली बसलेला असतो. घण डोक्यावरून आणते ती बाई. आज आम्ही या भट्टीचा इतिहास सांगणार आहोत, पण त्या बाईच्या बाजूनं.

आपल्या महाराष्ट्रात लोखंड जुनं आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंड नावाचं गाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या डॉ. शां. भा. देव यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली. ती अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. विदर्भातल्या त्या काळच्या दफनांमध्ये कुऱ्हाडी, छिन्न्या अशी अवजारं मिळाली. ती कुणी घडवली, भाता कुणी ओढला, हे लोखंड सांगत नाही.

पुढे गावगाडा बसला आणि लोहार बलुतेदार झाला. सुतार आणि लोहार थोरल्या कासेचे, म्हणजे त्यांच्यावाचून शेत अडायचं, म्हणून खळ्यावरचा त्यांचा वाटाही मोठा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ पुस्तकात ही सगळी व्यवस्था लिहून ठेवली. कुळवाची फास, नांगराचा फाळ, विळा, खुरपं, सगळं लोहाराच्या भट्टीवर. बलुतं मात्र घराला, आणि घर म्हणजे पुरुषाचं नाव. लोहारीण खळ्यावर सूप घेऊन गेली तरी वाटा लोहाराचाच म्हणायचा.

घिसाड्यांना तेही नव्हतं. ते फिरस्ते. गावात वतन नाही, खळ्यावर वाटा नाही. काम करायचं, पैसे किंवा धान्य घ्यायचं आणि पुढच्या गावाला जायचं. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्यांची नोंद आहे. बोली गुजरातीच्या जवळची, बिऱ्हाड पाठीवर. आज सरकारी यादीत ते भटक्या जमाती ‘ब’ मध्ये येतात.

आता बाई घण का मारते, ते बघा. यात दयेचा किंवा कौतुकाचा प्रश्न नाही, कामच तसं आहे. तापलेलं लोखंड धरायला डाव्या हातात सांडस लागते. उजव्या हातात छोटा हातोडा. कारागीर त्या हातोड्यानं टक् करून जागा दाखवतो, आणि त्याच जागी घण पडायला हवा. घणाला दोन्ही हात लागतात. मजूर ठेवायची ऐपत नाही, म्हणून ते दोन हात घरच्या बाईचे. पूर्वी कातडी भाता ओढायचं काम पोरांकडे, आता हातानं फिरवायचा पंखा आहे, तोही पोरांकडेच.

आणि घण म्हणजे नुसती ताकद, असं समजू नका. घाव तिरका बसला तर पातं वाकतं, उशिरा बसला तर लोखंड गार झालेलं असतं. लालभडक आहे तोवरच ते ऐकतं. काळं पडल्यावर मारत राहिलं तर चिरतं. ती रंग बघून मारते, घड्याळ बघून नाही.

माल कुठला, तर बहुतेक वेळा भंगारातला ट्रकचा पाटा. साधी लोखंडी पट्टी वापरली तर खुरपं दिसायला तसंच होतं, पण धार टिकत नाही, कारण साधं लोखंड पाणी घेत नाही. पाट्याचं पोलाद घेतं. पातं घडून झालं की पुन्हा लाल करायचं आणि धारेची कड पाण्यात बुडवायची. याला पाणी देणं म्हणतात. पाणी जास्त झालं तर धार काचेसारखी तुटते, कमी झालं तर पहिल्याच दगडाला मुडपते. म्हणून कड विझवल्यावर वरच्या भागात राहिलेली ऊब खाली उतरू देतात, कडेवर गवती पिवळा रंग आला की पुन्हा पाण्यात. बाजारात पत्र्याचं स्वस्त खुरपं मिळतं ते दोन खुरपणीत का गोल होतं, याचं उत्तर इथं आहे.

कारखान्याचं लोखंडही गेल्या शतकात शेतात आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा जमीन बिघडेल म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते, असं सांगतात. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर गावच्या भट्टीतून हळूहळू बाहेर गेला. बायकांच्या हातातली अवजारं, म्हणजे खुरपं, विळा, विळी, ती मात्र भट्टीवरच राहिली. नंतर आपल्याकडे कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि कोयत्याचं काम वाढलं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं, एक मोजणी, आणि उचल बहुधा नवऱ्याच्या हातात. भट्टीवरचा हिशोबही याच जातीचा आहे.

१९६५ साली भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ आला. लोहार नवरा-बायकोची गोष्ट, बायको जयश्री गडकर. त्यातलं ऐरणीचं गाणं आजही आपल्या कार्यक्रमात म्हटलं जातं. गाण्यात तिला जागा मिळाली, कागदावर अजून नाही.

कागदाची गोष्ट आत्ताची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ धंदे आहेत. लोहार आहे, हातोडा आणि अवजारं बनवणारे वेगळे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. पण एका कुटुंबातून एकच नाव. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं.

म्हणजे भट्टीवर चार हात आणि अर्जावर दोन. आमचं मत असं की नवऱ्याचं नाव आधीच कुठल्या धंद्याच्या कर्जात अडकलं असेल, किंवा तो भट्टी सोडून गाडीवर जात असेल, तर बाईचं नाव घालायला काहीच हरकत नाही. नियमात लोहार पुरुषच असावा असं कुठंही नाही. अर्ज सीएससी केंद्रात आधारवर भरला जातो आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. फिरस्त्या घिसाडी बाईला तिथंच अडवलं जातं, कारण तिला ओळखणारं कुणी समोर नसतं. आपण तिला ओळखतो. आपली खुरपी दरवर्षी तीच करते, आणि ग्रामपंचायतीत निम्म्या जागांवर आता बायका बसतात.